पाच मायक्रॉनची वाट

२०२५च्या ऑगस्टमध्ये दादर पश्चिमेच्या कबुतरखान्यावर मुंबई महापालिकेने ताडपत्री टाकली आणि काही दिवसांतच जमावाने ती ओढून फाडली. महिनाभर आधी राज्य सरकारने शहरातले ५१ कबुतरखाने बंद करण्याचे जाहीर केले होते, प्रकरण उच्च न्यायालयात पोचले होते आणि वाहिन्यांवर जीवदया विरुद्ध आरोग्य असा सामना रंगला होता. त्या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडला. कबुतर चावत नाही, ओरबाडत नाही, खाण्यापिण्यातही येत नाही. मग त्याच्यामुळे माणसाच्या फुप्फुसात बिघडते ते काय, आणि कसे?

उत्तर आकारात आहे. कबुतराच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ आणि पंखांवरची पांढरट भुकटी यांतले पुष्कळ कण पाच मायक्रॉनपेक्षा लहान असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्यावरचा एक केस पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड भरतो, त्यावरून अंदाज यावा. इतका बारीक कण नाकात अडकत नाही, घशात थांबत नाही, सरळ फुप्फुसाच्या तळाशी उतरतो. क्षयाचे जंतू वाहून नेणारे थेंब याच मापाचे, दगडाच्या भुशातली घातक सिलिका याच मापाची, चुलीच्या धुरातली काजळी तर याहून बारीक. फुप्फुसाच्या आजारांची लांबलचक नावे पाठ करण्याआधी हे एक माप लक्षात ठेवले, तर त्यातले बरेचसे आजार आपोआप उलगडत जातात.

बाहेरच्या जगाशी शरीराचा सर्वांत मोठा संबंध त्वचेमार्फत येतो, असे वाटते. प्रौढ माणसाची त्वचा पावणेदोन चौरस मीटरच्या आसपास. फुप्फुसातल्या वायुकोशांचा आतला पृष्ठभाग सपाट पसरला तर तो सत्तर चौरस मीटरच्या घरात जातो, म्हणजे मुंबईतला दोन बेडरूमचा बरा फ्लॅट. हा पृष्ठभाग त्वचेसारखा जाड आणि कोरडा नाही. तो ओलसर आहे आणि हवा व रक्त यांच्यामधला पडदा बहुतेक ठिकाणी अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही पातळ आहे. त्यावरून रोज दहा हजार लिटरांहून अधिक हवा जा-ये करते: एका वेळी अर्धा लिटर, मिनिटाला बारा ते वीस वेळा, झोपेतसुद्धा.

गंमत म्हणजे हे सगळे काम करणाऱ्या फुप्फुसाला स्वतःला फुगवता येत नाही, कारण तशी ताकद असलेले स्नायू त्याच्यात नाहीतच. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखे श्वासपटल असते. ते आकसले की खाली सपाट होते, बरगड्या वर आणि बाहेर सरकतात, छातीची पोकळी वाढते, आतला दाब किंचित उतरतो आणि हवा आपसूक आत येते. उच्छ्वासाला तर शांत बसलेल्या माणसाला काहीच करावे लागत नाही. ताणलेले फुप्फुस स्वतःच्या लवचिकपणाने मागे येते. हा लवचिकपणा गेला की काय होते, ते पुढे येईलच.

श्वास कधी घ्यायचा, हे मेंदूच्या तळाशी असलेले केंद्र ठरवते. त्याचे लक्ष प्राणवायू किती उरला यापेक्षा कार्बन डायऑक्साइड किती साठला याकडे अधिक असते. जॉन स्कॉट हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी १९०५ साली हे दाखवून दिले. विहिरीत तळ गाठण्याची पैज लावणारी पोरे बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेतात, ते म्हणूनच धोक्याचे. त्याने प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही, पण कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो. मग पाण्याखाली श्वासाची निकड जाणवण्याआधीच शुद्ध हरपू शकते.

आत शिरलेली हवा नाकात गरम आणि दमट होते, दहा मायक्रॉनवरची बहुतेक धूळ तिथेच चिकटते. पुढे दहा-बारा सेंटिमीटरची मुख्य श्वासनलिका, तिचे दोन फाटे, त्या प्रत्येकाचे पुन्हा दोन, असे सुमारे तेवीस वेळा होते. उजवा फाटा डाव्यापेक्षा रुंद आणि सरळ, म्हणून लहान मुलाने हसता हसता शेंगदाणा ओढला तर तो बहुधा उजवीकडे जातो. दर फाट्यागणिक नळ्या अरुंद होतात, पण त्यांची संख्या इतकी वाढते की हवेला मिळणारी एकूण जागा मोठी होत जाते आणि वेग मंदावतो. शेवटच्या टप्प्यावर हवा वाहत नाही म्हटले तरी चालेल. मोठे कण वरच्या वळणांवर भिंतीला आदळतात. एक ते पाच मायक्रॉनचे कण वळणे पार करतात आणि तळाच्या संथ हवेत सावकाश खाली बसतात.

वरच्या नळ्यांना झाडलोटीची सोय आहे. त्यांच्या आतल्या अस्तरावर श्लेष्म्याचा थर आणि त्याखाली सूक्ष्म केस असतात. हे केस सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून तो थर, त्यात अडकलेल्या धुळीसकट, घशाकडे ढकलत राहतात. आपण तो नकळत गिळून टाकतो. सिगारेटच्या धुराने हे केस मंदावतात आणि पुढे झडतात. मग साचलेला कफ काढायला खोकल्याशिवाय उपाय उरत नाही. बिडी ओढणाऱ्याचा सकाळचा खोकला तो हाच.

दमा याच नळ्यांचा आजार. दम्याच्या रुग्णाच्या नळ्या मुळात सुजलेल्या आणि अति हळव्या असतात. परागकण, धुळीतले कीटक, थंड हवा, अगरबत्तीचा धूर, कधी नुसती सर्दी, एवढेही निमित्त त्यांना पुरते. नळीभोवतीचे स्नायू आवळतात, अस्तर फुगते, चिकट कफ मार्ग अडवतो. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर हवेला होणारा विरोध दुप्पट होत नाही, सोळापट होतो. ‘कालपर्यंत बरा होता, रात्रीत काय झालं?’ या घरच्यांच्या प्रश्नाचे उत्तर या गणितात आहे. मात्र दम्यात हे आवळणे बरेचसे सुटू शकते, आणि डॉक्टरांच्या दृष्टीने हीच त्याची ओळख.

सीओपीडी या फुप्फुसाच्या दीर्घकालीन आजारात ते पुरते सुटत नाही. वर्षानुवर्षे धूर आत गेल्यावर बारीक नळ्या जाड व अरुंद होतात आणि वायुकोशांमधल्या भिंती नष्ट होऊन लहान लहान कोशांच्या जागी मोठी, ढिली पोकळी तयार होते. लवचिकपणा गेला, की उच्छ्वास फुकट मिळत नाही. रुग्णाची तक्रार ‘श्वास घेता येत नाही’ अशी असते, पण खरी अडचण हवा बाहेर काढण्याची असते. आतली शिळी हवा निघाली नाही तर ताज्या हवेला जागा कुठून होणार? असे रुग्ण ओठांचा चंबू करून सावकाश हवा सोडताना दिसतात. त्याने नळ्यांत थोडा दाब टिकतो आणि त्या लवकर मिटत नाहीत.

हा आजार ओळखण्याची युक्ती १८४६मधली आहे. जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरने श्वासाचे माप घेणारे यंत्र बनवून दोन हजारांहून अधिक लोकांना त्यात फुंकायला लावले. आजही तत्त्व तेच: छाती भरून हवा घ्यायची आणि जोर लावून सोडायची. निरोगी माणूस एकूण हवेचा सत्तर ते ऐंशी टक्के भाग पहिल्याच सेकंदात बाहेर टाकतो. औषधाचा फवारा दिल्यानंतरही हा आकडा सत्तरच्या खाली राहिला, तर सीओपीडीचा संशय बळावतो. रक्तदाब मोजायची पद्धत घरोघरी रुळली. तेवढीच सोपी ही चाचणी मात्र अजून छातीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातच अडकून आहे.

सीओपीडी म्हणजे विडीकाडी करणाऱ्यांचा रोग, असे वैद्यकशास्त्र फार काळ मानत होते. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात वेगळे चित्र मांडले. जगातल्या सीओपीडीच्या रुग्णांपैकी पंचवीस ते पंचेचाळीस टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेले नसते, असा त्यांचा अंदाज होता. त्यामागचे मोठे कारण चूल. लाकूड, गोवऱ्या, तुराट्या जाळून बंद स्वयंपाकघरात दिवसाचे काही तास काढणाऱ्या बाईच्या फुप्फुसात जे साठते, त्याची नोंद ‘व्यसन नाही’ एवढ्या दोन शब्दांत केसपेपरवर संपून जाते. शहरातही तसाच एक निष्पाप दिसणारा उगम आहे. २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत, डासांची एक कॉइल जळताना निघणारे अडीच मायक्रॉनखालचे कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. खिडक्या लावून, उशाशी कॉइल ठेवून झोपणारी किती घरे असतील!

आता तळाशी जाऊ. तिथे दोन्ही फुप्फुसांत मिळून काही दशकोटी वायुकोश असतात, त्यांच्याभोवती केशवाहिन्यांचे जाळे. कोशांच्या ओल्या भिंती एकमेकींना चिकटून मिटू नयेत म्हणून शरीर एक साबणासारखा द्रव तयार करते. तो गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत पुरेसा होतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा श्वास या द्रवाच्या अभावी कोंडतो, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरी मीड यांनी १९५९ साली दाखवले. १९६३ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे, जॉन केनेडींचे साडेपाच आठवडे आधी जन्मलेले बाळ याच कारणाने दोन दिवसांत गेले. तो द्रव बाहेरून देण्याचा उपचार जपानमध्ये यशस्वी व्हायला १९८० उजाडले.

रक्ताची लाल पेशी वायुकोशाला खेटून जाते ती, विश्रांतीच्या वेळी, पाऊण सेकंदात. प्राणवायू भरून घ्यायला तिला त्यातला तिसरा हिस्साच पुरतो. बाकीचा वेळ म्हणजे राखीव. याच राखीव वेळेमुळे फुप्फुसाचा बराच भाग खराब होईपर्यंत खुर्चीत बसलेल्या माणसाला काही कळत नाही. जिना चढताना रक्त वेगाने पळते, पाऊण सेकंदाचा पाव सेकंद होतो आणि पडदा जाड झालेला असेल तर भरणी अपुरी राहते. कोविडच्या काळात घरोघरी बोटाला ऑक्सिमीटर लावून सहा मिनिटे चालायला सांगत, ते हा राखीव साठा तपासण्यासाठी.

तळाला केसांची झाडलोट नाही. तिथे मॅक्रोफेज नावाच्या पेशी फिरतात आणि समोर येईल ते गिळतात. बहुतेक वेळा त्यांना पचते. काही गोष्टी मात्र त्यांनाच पचवतात.

क्षयाचा जंतू त्यांतला अट्टल. मॅक्रोफेजने गिळल्यावर तो तिच्याच पोटात राहतो, वाढतो. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी या जंतूचा शोध जाहीर केला. पाच वर्षांनी, २६ फेब्रुवारी १८८७ला, अमेरिकेतून डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयाने गेल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. जंतू सापडला होता, औषध सापडायला आणखी अर्धशतक जायचे होते.

हा रोग भांड्यांतून पसरतो, रुमालातून पसरतो, असा समज घट्ट आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस बाल्टिमोरच्या एका इस्पितळात रिचर्ड रायली आणि सहकाऱ्यांनी क्षयरुग्णांच्या वॉर्डातली हवा नळांतून छतावरच्या पिंजऱ्यांत सोडली. पिंजऱ्यांत गिनीपिग होते. रुग्णांशी त्यांचा कसलाही स्पर्श नव्हता, फक्त हवा सामायिक होती. गिनीपिगांना क्षय झाला. ज्या पिंजऱ्यांत हवा अतिनील किरणांतून गाळून सोडली होती, तिथे झाला नाही. खोकल्यातले मोठे थेंब लगेच जमिनीवर पडतात. लहान थेंब क्षणात सुकून एक ते पाच मायक्रॉनचे होतात आणि तासन्तास तरंगतात.

म्हणून क्षयाचा प्रश्न घराच्या खिडकीपाशी येऊन ठेपतो. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर आहे. ‘डॉक्टर्स फॉर यू’ आणि आयआयटी मुंबई यांच्या २०१८च्या अभ्यासात, ऊन-वारा न पोचणाऱ्या तिथल्या खालच्या मजल्यांवर क्षयाचे रुग्ण अधिक आढळले. झोपडी गेली, पक्के घर मिळाले, आणि हवा गेली. नकाशा मंजूर करणाऱ्याच्या टेबलावर हे आजाराचे कलम म्हणून कधी येत नाही.

उपचारांची कथा मात्र आपल्याकडची आणि अभिमानाची आहे. पूर्वी क्षयरोग्याला मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारख्या आरोग्यधामात महिनोन्‌महिने ठेवत. १९५६पासून मद्रासमध्ये झालेल्या प्रयोगात निम्मे रुग्ण आरोग्यधामात आणि निम्मे आपापल्या दाटीच्या घरी ठेवून तीच औषधे दिली. दोन्हीकडचे जवळजवळ सारखे बरे झाले. जगभरची आरोग्यधामे पुढे ओस पडली, त्यात या प्रयोगाचा वाटा मोठा. आज साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा आहे. तो अर्धवट सोडला तर उरतात ते औषधाला दाद न देणारे जंतू. अशा सगळ्याच औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे रुग्ण २०११च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातून नोंदवले गेले, तेव्हा खळबळ उडाली होती. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे.

सिलिकाचा कण जिवंत नाही, तरी मॅक्रोफेजला मारतो. पेशी मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते, तीही मरते. मागे राहतो तो कठीण व्रण. पाटीवर अक्षरे गिरवायच्या पेन्सिली मध्य प्रदेशातल्या मंदसौरला दगड कापून बनत. १९८०च्या दशकातल्या पाहणीत तिथल्या निम्म्याहून अधिक कामगारांच्या फुप्फुसांत सिलिकोसिस सापडला. या आजाराला औषध नाही, आणि मॅक्रोफेज दुबळ्या झाल्याने क्षयाला रान मोकळे मिळते. गिरणगावात कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराची तऱ्हा आणखी वेगळी होती. रविवारची सुट्टी संपवून कामगार सोमवारी खात्यात शिरला की छाती भरून यायची.

कबुतराचे कण जंतू नाहीत आणि दगडही नाहीत. ती प्रथिने आहेत. काही माणसांची प्रतिकारशक्ती त्यांना शत्रू मानते आणि वायुकोशांच्या भिंतींतच लढाई मांडते. वर्षानुवर्षे हे चालले तर पातळ पडदा जाड, चिवट होतो. पाऊण सेकंदाची राखीव सोय संपते, कोरडा खोकला आणि जिन्यावरची धाप एवढीच लक्षणे असतात. सगळ्यांनाच हे होत नाही, आणि दाणे टाकणाऱ्याला ‘मला तर काही झालं नाही’ म्हणता येते ते त्यामुळेच. पण एकटे कबुतर आरोपी नाही. देशातल्या १९ शहरांतल्या २७ केंद्रांमधून अशा पडदा जाड करणाऱ्या आजारांचे १,०८४ रुग्ण नोंदवले गेले. २०१७ साली आलेल्या त्या अहवालात निम्म्याच्या जवळपास रुग्णांचा आजार याच अतिसंवेदनशील प्रकारचा निघाला, आणि त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांच्या घरात कूलर होता. विदर्भाच्या उन्हाळ्यात कूलरवाचून जगणे कठीण, हे खरेच. प्रश्न त्याच्या ओल्या जाळीत वाढणाऱ्या बुरशीचा आहे. साखर कारखान्यांच्या आवारात कुजत पडलेल्या बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, धूळही याच जातीचा आजार देते.

न्यूमोनियात वायुकोशांत हवेऐवजी पू आणि पाणी भरते. पाच वर्षांखालच्या मुलांचा जगात सर्वाधिक बळी घेणारा संसर्ग हाच, आणि तो ओळखायला छातीचा फोटो लागत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या दाया आणि आरोग्यसेवकांना बाळाचे श्वास मोजायला शिकवले. दोन महिने ते वर्षाच्या आतले बाळ मिनिटाला पन्नास किंवा अधिक श्वास घेत असेल, किंवा एक ते पाच वर्षांचे मूल चाळीस, तर न्यूमोनिया समजायचा आणि प्रतिजैविक सुरू करायचे. ज्यांना आकडे येत नव्हते त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मणी यांचे साधन तयार केले. या गावांतले न्यूमोनियाचे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत निम्म्याहून कमी झाल्याचे १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. ‘बाळाचं पोट उडतंय’ हे आईला दिसतच होते; तिच्या दिसण्याला माप मिळाले.

ज्या वाटेने रोग उतरतो त्या वाटेने औषधही उतरवता येते. १९५६ साली अमेरिकेतल्या रायकर कंपनीने पहिला खिशात मावणारा पंप बाजारात आणला. कंपनीच्या प्रमुखाच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने, औषध फवाऱ्याच्या डब्यात का मिळत नाही, असे विचारले होते. आपल्याकडे पंपाचे नाव काढले की घरचे दचकतात: सवय लागेल, शेवटचा उपाय आहे तो. आकडे उलट बोलतात. साल्ब्युटामॉल या दम्याच्या औषधाची गोळी दोन ते चार मिलिग्रॅमची असते आणि ते औषध सगळ्या अंगभर फिरते. पंपाच्या एका फवाऱ्यात शंभर मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीच्या विसाव्या-चाळिसाव्या हिश्श्याएवढेच औषध, आणि जिथे हवे तिथे. हैदराबादला मृगाच्या मुहूर्तावर दमेकऱ्यांची रांग लागते, जिवंत मासा गिळण्यासाठी. मासा अन्ननलिकेतून पोटात जातो. नळ्या आवळल्यात त्या पलीकडच्या.

पंप चुकीचा घेतला तर तोही पोटातच जातो. फवारा एक ते पाच मायक्रॉनच्या कणांचा असावा, असाच बनवलेला असतो, पण तो वेगाने सुटतो आणि घाईने ओढला तर घशाच्या वळणावर आदळतो. म्हणून आधी हवा पूर्ण सोडायची, मग दाबताना सावकाश, खोल ओढायचे. लहान मुले आणि म्हातारी माणसे यांच्यासाठी मध्ये प्लास्टिकचे नळकांडे, म्हणजे स्पेसर, लावतात. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायची. आणि फवारा ओढल्यावर लगेच श्वास दहा सेकंद रोखायचा, कारण एवढ्या हलक्या कणांना नळ्यांच्या भिंतींवर बसायला वेळ लागतो. तो दिला नाही तर ते पुढच्या उच्छ्वासाबरोबर बाहेर निघून जातात.